नगरचं संमेलन आणि खालाचा दस्तरखान

सोलापूरहून नगरला जायचं म्हणजे टेंभुर्णी, करमाळा, मिरजगाव असा सरळ रस्ता आहे. पहाटेच्या एसटीत बसलेलं माणूस दुपारच्या जेवणाला नगरात असतं. बसच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं, कंडक्टरच्या तोंडी नगर, आणि आमच्या मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाबांच्या तोंडी अमदानगर. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. कागद लगेच बदलतात, तोंडाला वेळ लागतो. तिकीट मागताना तिन्ही नावं चालतात, हा आमचा अनुभव.

आम्ही तिघी एकाच उर्दू हायस्कूलात शिकवतो. तिघीही चाळिशी ओलांडलेल्या, तिघींच्याही घरी सासू, मुलं, दुधाचं बिल, सगळं आहे. सात-आठ वर्षं झाली, शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी आम्ही शाळा सुटलेल्या मुलींचे अभ्यासवर्ग घेतो. कुणाची नववीत सुटली, कुणाची दहावीचा एक विषय राहिला म्हणून सुटली, कुणाची नुसतीच सुटली. फी नाही, मानधन नाही. एका मशिदीच्या मदरशाची खोली मिळते आणि खडूचा खर्च आम्ही तिघीत वाटून घेतो. असंच काम करणाऱ्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या स्वयंसेवकांचं दोन दिवसांचं संमेलन सप्टेंबरच्या सुरुवातीला नगरला ठरलं, तेव्हा आम्हालाही पत्र आलं.

खरं सांगायचं तर पत्र वाचून आमच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते संमेलनाबद्दल नव्हतं. "खालाकडे जेवायला मिळेल," हे ते वाक्य होतं. खाला तशी आमच्यातल्या एकीची, तिच्या अम्मीची धाकटी बहीण. पण मागे दोनदा तिच्या घरी जाऊन आल्यापासून ती तिघींचीच खाला झाली आहे.

2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. या सवलतीवर टिंगल करणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला मात्र एवढंच दिसतं की आमच्यासारख्या बायकांच्या तोंडचं "परवडत नाही, राहू दे" हे वाक्य निम्मं तरी कमी झालं आहे. त्या दिवशी बसमध्ये पुरुषांपेक्षा बायकाच जास्त होत्या. माहेरी चाललेल्या, दवाखान्यात चाललेल्या, एक तर नुसती बहिणीला भेटायला चाललेली.

करमाळा सोडलं की थोड्या वेळात नगर जिल्हा लागतो. क्षेत्रफळानं हा राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरांच्या वर. त्यामुळे नगर म्हणजे नक्की काय, हे एका वाक्यात सांगता येत नाही. उत्तरेकडे प्रवरा-मुळेचं पाणी आहे, ऊस आहे, साखर कारखाने आहेत. आम्ही आलो ती दक्षिणेची बाजू पर्जन्यछायेतली. इथं पावसाळ्यातही लोक आभाळाकडे बघतच बोलतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरी उभी होती, मधून तूर, मधून लिंबाच्या बागा. ढाब्यांच्या पाट्यांवर शिपी आमटी दिसू लागली की समजायचं कर्जत तालुका आला. भाकरी कुस्करून खायची ही झणझणीत आमटी. आमच्यातली एक उतरायलाच निघाली होती. तिला हाताला धरून बसवलं. खालाकडे जाताना पोट भरून जायचं नसतं.

संमेलन एका शाळेच्या सभागृहात होतं. दीडशेच्या आसपास माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बायका. उद्‌घाटन दहाचं होतं ते साडेअकराला सुरू झालं आणि एक वाजता संपलं. आम्ही धावतपळत पोहोचलो तरी सत्कार चालूच होते. स्वयंसेवकांच्या संमेलनात शाल-नारळाला इतका वेळ का लागावा हे आम्हाला अजून कळलेलं नाही. मंचावर बसलेल्या अकरा पाहुण्यांपैकी नऊ जण सत्कार होताच दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले. ते गेल्यावर संमेलन खऱ्या अर्थानं सुरू झालं. मग मात्र ते फार चांगलं झालं.

पाथर्डीकडच्या एका शिक्षकानं ऊसतोडीला जाणाऱ्या मुलींचं सांगितलं. दिवाळीच्या सुमारास आई-बाप कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. मुलगी बरोबर गेली तर शाळा बुडते आणि मागे राहिली तर धाकट्या भावंडांचा स्वयंपाक तिच्या गळ्यात पडतो. दोन्हीकडे पुस्तक बंद. तो म्हणाला, "आमच्या गावात मुलगी शाळेतून गळत नाही, चुलीकडे सरकते." हे वाक्य आम्ही वहीत लिहून घेतलं.

मग एका बाईंनी जामखेडची गोष्ट सांगितली. जामखेड याच जिल्ह्यातलं. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्यानं तिथं ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत, नर्स टिकत नाही, तेव्हा गावातल्याच बाईला शिकवायचं असं त्यांनी ठरवलं. गावानं निवडलेल्या बायका. त्यातल्या कितीतरी कधी शाळेची पायरी न चढलेल्या, दलित वस्तीतल्या, टाकून दिलेल्या, विधवा. बाळंतपण कसं करायचं, हगवण लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, कुपोषण कसं ओळखायचं, हे त्या शिकल्या आणि आपापल्या गावात जाऊन करू लागल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून लोक हे काम बघायला जामखेडला येत राहिले. पण बाईंनी जोर दिला तो दुसऱ्याच गोष्टीवर. प्रशिक्षणाला आलेल्या बायका निरनिराळ्या जातींच्या असत. त्यांनी एकत्र राहायचं आणि एकत्र जेवायचं हा प्रशिक्षणाचाच भाग होता. आरोग्याचा धडा पुढं, एका पंगतीत जेवणं आधी.

नगरच्याच एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं आणखी एक आठवण करून दिली. इथल्या अमेरिकन मिशनमध्ये सिंथिया फरार नावाच्या बाई मुलींची शाळा चालवत. ती शाळा पाहून जोतिराव फुले पुण्याला परतले आणि 1848 मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचं प्रशिक्षण याच नगरला फरारबाईंकडे घेतलं असं सांगतात. मुलींच्या शिक्षणावर बोलायला आपण उगाच नगरला जमलेलो नाही, असं त्या म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या.

जेवण केटररचं होतं. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलबी. वाईट नव्हतं. आम्ही ताटात थोडंसंच घेतलं, तेव्हा वाढणाऱ्या मुलानं काळजीनं विचारलं, "मॅडम, तब्येत बरी नाही का?" त्याला काय सांगणार?

दुपारच्या सत्रात आमची पाळी आली. आम्ही फॉर्म नंबर 17 वर बोललो. हा अर्ज ठाऊक नसल्यामुळे किती मुली घरी बसल्या आहेत याचा हिशेब नाही, म्हणून इथंही सांगतो. शाळेत किंवा कॉलेजात रोज न जाता दहावीची अथवा बारावीची परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून देता येते. त्यासाठी राज्य मंडळाकडे 17 नंबरचा अर्ज ऑनलाइन भरायचा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधीची गुणपत्रिका, आधार आणि फोटो लागतो. जवळची एक शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचं, तिथं प्रकल्प-तोंडीसारखी कामं पूर्ण करायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षेला बसायचं. मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करतं, साधारण पावसाळ्यातच असते. उशीर झाला तर विलंब शुल्क लागतं. एवढंच. आम्ही भरवलेल्या अर्जांतल्या काही मुली आज डी.एड. झाल्या आहेत, एक नर्स आहे. लोकांनी प्रश्न विचारले, नंबर घेतले. संध्याकाळी रिक्षात बसलो तेव्हा तिघीही खुशीत होतो.

खालाचं घर मुकुंदनगरात आहे. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा मगरिबची अजान होत होती आणि कांदा तळल्याचा वास येत होता. नगरचा पत्ता विसरला तरी या वासावरून घर सापडावं. खाला दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"आओ बेटा आओ. इत्ती देर कायकू? सालन तीन बार गरम करी मैं."

आम्ही सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढं केली. तिनं चटणीचं पाकीट नाकाला लावलं, "हौ, अस्सल है" म्हणाली आणि कपाटात ठेवून दिली. आमच्या शेंगाचटणीला नगरच्या माणसाची पसंती मिळणं ही लहान गोष्ट नाही. ही माणसं ठेचा खाऊन वाढलेली.

दस्तरखान खाली सतरंजीवर अंथरलेला. त्यावर जे होतं ते एकेक सांगायलाच हवं. अंबाड्याचं सालन पहिलं. पावसाळ्यात अंबाडी कोवळी असते. पानं खुडून, धुऊन, उकळून त्यांचा जास्तीचा आंबटपणा काढायचा, मग ती घोटायची आणि आधीच शिजवून घेतलेल्या गोश्तात मिसळायची. हिरवी मिरची सढळ. शेवटी लसूण आणि लाल मिरचीचा बघार. आंबट, तिखट आणि चरबीची गोडी, या तिघांचं भांडण जिभेवर चालू राहतं आणि कुणीच जिंकत नाही. त्याच्याबरोबर बाजरीची भाकरी, तव्यावरून थेट हातात. सोलापूरला आम्ही ज्वारीची माणसं, पण अंबाड्याला बाजरीच हवी हे नगरला येऊन कबूल करावं लागतं. मग बगारा खाना आणि दुधी घातलेला दालचा. खालाच्या दालच्यात चिंच जरा पुढं असते. शिवाय हुलग्याचे शेंगोळे. ते शेजारच्या मावशींनी पाठवले होते, पाहुण्या आल्या म्हणून. लसणाच्या रश्शात शिजलेले शेंगोळे नगरच्या सगळ्याच घरांत होतात, कुणाच्याही नावाचे नाहीत. खालाकडून त्या घरी अंबाड्याचं सालन जात नाही, मावशी शाकाहारी आहेत. पण ईदचा शीरखुर्मा न चुकता जातो आणि दिवाळीला तिकडून लाडू येतात. यात दोघींनाही काही विशेष वाटत नाही. मग आम्हीच का वाटून घ्यावं?

बिस्मिल्ला म्हटलं आणि पुढचा पाऊण तास कुणी बोललं नाही. बोलली ती फक्त खाला. "और एक लेव. नको-नको बोलते बोलते तीन तो खा गए तुम." हे खरं होतं.

भाकऱ्या आतून येत होत्या. गरम, एकसारख्या गोल, पापुद्रा सुटलेल्या. पाचवी-सहावी आली तेव्हा आमच्या ध्यानात आलं की भाकरी थापणारा हात एकदाही बाहेर येऊन बसलेला नाही. तो हात खालाच्या नातीचा होता. तिला घरात सगळे छोटी म्हणतात. मागच्या वेळी आलो तेव्हा ती नववीत होती, आमच्या पर्समधलं पेन मागून घेतलं होतं. आता अठराची आहे. दोन वर्षांपूर्वी दहावीला तिला 81 टक्के पडले होते. त्यानंतर पुढं नाही.

का नाही, ते जेवताना हळूहळू उलगडलं. खाला, तिची सून म्हणजे आमची भाभी, आणि छोटी मिळून घरातून डबे देतात. दवाखान्यातल्या पेशंटांच्या नातेवाइकांना, बाहेरगावाहून शिकायला आलेल्या पोरांना. आधी दहा डबे होते, आता चाळीस आहेत. भाईजान टेम्पो चालवतात, त्यांचं उत्पन्न महिन्याला सारखं नसतं. डब्यांचं असतं. डब्यावरच घराचं वीजबिल, टेम्पोचा हप्ता आणि धाकट्या मुलाची शाळा चालते. आणि खालाचे गुडघे गेले. ती आता बसून भाजी निवडते, मसाला सांगते, चव बघते. उभं राहून रोट्या करणं तिच्याच्यानं होत नाही. रोजच्या सव्वाशे रोट्या छोटीच्या वाट्याला आल्या. पहाटे पाचला उठायचं, अकराला डबे निघाले की भांडी, चारला पुन्हा संध्याकाळची कणीक.

म्हणजे पाथर्डीच्या त्या शिक्षकाचं दुपारचं वाक्य आमच्या वहीतून उठून समोर येऊन बसलं होतं. ज्या भाकरीची आम्ही सोलापूरपासून वाट पाहत आलो, ती भाकरी कोण थापतं हे आता ठाऊक झालं होतं. सहावी हातात होती. ती टाकून देता येत नव्हती आणि नुसती खाऊन उठताही येत नव्हतं.

पाहुण्यानं यजमानाच्या दस्तरखानावर बसून त्याच्या घरचा कारभार काढू नये, असा आमच्याकडे रिवाज आहे. चांगला रिवाज आहे. आम्ही खाऊन होईपर्यंत थांबलो, हात धुतले, शेवयांची खीरही संपवली. मग चहाच्या वेळी विषय काढला. फॉर्म नंबर 17 चं सगळं सांगितलं. रोज कॉलेजात जायचं नाही, दहावीनंतर अकरावीच्या वर्गात न बसताही बारावीला बसता येतं, घरी अभ्यास, अडलं तर फोनवर आम्ही आहोतच.

खालानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "फारम भरतूं मैं, क्या बड़ी बात. मेरे घुटने तुम सोलापुर लेके जाते क्या?"

मंचावर याचं उत्तर देता आलं असतं. टाळ्याही मिळाल्या असत्या. त्या खोलीत देता येईना, कारण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ती पुढं बोलत राहिली. गल्लीतली अमकी बी.ए. झाली, काय करते? घरीच आहे. छोटीच्या हाताला हुनर आहे, चार पैसे कमावते, कुणापुढं हात पसरत नाही. उद्या सासरी गेली तरी उपाशी मरणार नाही. "तुमकू पढ़े-लिखे की फिकर है, मेरेकू पके हुए की." सत्तरीच्या या बाईनं तीन पोरं तव्यावर वाढवली आहेत. तिला अडाणी ठरवून मोकळं होणं आम्हाला जमलं नाही आणि जमू नये.

भाभी इतका वेळ गप्प होती. मोरीपाशी भांडी विसळताना, आमच्याकडे न बघता, ती एवढंच म्हणाली, "मेरेकू बी नौवीं के बाद बिठाए थे." पुढं काही नाही. खाला तिच्याकडे बघत राहिली.

छोटीला काय हवं, हे अजून कुणी विचारलं नव्हतं. आम्ही विचारलं. ती लाजली, आत गेली आणि एक वही घेऊन आली. डब्यांचा हिशेब. महिन्याचं एकेक पान, कुणाचे किती दिले, किती राहिले, तेल किती, पीठ किती. नावं उर्दूत, आकडे मराठीत, शेवटी बेरीज दोनदा तपासल्याची खूण. गेल्या रमजानात तेल किती महाग पडलं ते वेगळ्या रंगात. "मेरेकू कॉमर्स लेना था," ती म्हणाली. आम्ही तिघींनी ती वही आळीपाळीनं पाहिली. आमच्या शाळेच्या शालेय पोषण आहाराची नोंदवही इतकी नीट नसते.

त्या रात्री कुणीही काही ठरवलं नाही. आम्ही आडव्या झालो तेव्हा बारा वाजले होते. पाच वाजता स्वयंपाकघरात दिवा लागला आणि परातीत कणीक मळल्याचा आवाज सुरू झाला. त्या दिवशी आमच्यातली एक उठून जाऊन रोट्या लाटायला बसली. तिच्या रोट्या पाहून छोटी इतकी हसली की खालालाही हसू आलं. त्या डब्यांत न घालता घरी खायला ठेवल्या गेल्या.

रविवारी संमेलन दुपारपर्यंतच होतं. ठराव झाले, फोटो झाले. परत आलो तोवर डबे गेले होते. किल्ला बघायचा होता, छोटीलाही घेऊ म्हटलं. खालानं काही न बोलता तिच्या हातात दुपट्टा दिला. नगरात जन्मलेल्या या मुलीनं किल्ला आतून पाहिलाच नव्हता.

मलिक अहमदनं 1490 मध्ये निजामशाही स्थापली आणि पुढच्या काही वर्षांत भिंगारजवळ हे शहर वसवलं. आज दिसणारी किल्ल्याची दगडी तटबंदी हुसेन निजामशहाच्या काळातली. 1595-96 च्या वेढ्यात चांदबीबीनं मुघलांच्या फौजेसमोर हाच किल्ला लढवला. सुरुंगानं तट पडला तेव्हा ती स्वतः उभी राहिली आणि रातोरात तो बांधून घेतला, असा तिचा लौकिक. आता किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, दरवाज्यावर ओळखपत्र दाखवावं लागतं. खंदक खोल आहे, आत झाडी दाट आहे आणि रविवार असूनही शांतता होती.

आमच्यासाठी, म्हणजे उर्दू शिकवणाऱ्यांसाठी, हा किल्ला 'गुबार-ए-खातिर'चा आहे. 9 ऑगस्ट 1942 च्या सकाळी मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले गेले आणि त्यांना रेल्वेनं इथं आणलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, पंत, कृपलानी, असफ अली, डॉ. सय्यद महमूद असे बारा जण. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच 1944 मध्ये लिहिलं. आझादांनी इथून आपल्या मित्राला, मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानींना पत्रं लिहिली. ती पाठवता येत नव्हती, तरी लिहिली. पहाटे उठून, स्वतः चहा करून, दूध न घालता, त्या चहाचं कौतुक करत. खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी आधी लढाई आणि मग दोस्ती कशी झाली ते पत्र तर आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो.

त्याच पत्रांत एका स्वयंपाक्याची हकिकत आहे. साहेबलोकांच्या जेवणाची सोय नीट होईना म्हणून शहरातून एक बावर्ची आणला गेला. आत कोण आहे याची बातमी बाहेर जाऊ द्यायची नव्हती, म्हणून तो आत आला तो आतच राहिला. स्वयंपाक करायला आलेला माणूस कैदी झाला. त्याची जी गाळण उडाली ती आझादांनी मिस्कीलपणे सांगितली आहे. कैदखान्याच्या अधिकाऱ्याला त्यांनी चांदबीबीच्या काळातल्या एका सरदारावरून 'चीता खान' नाव ठेवलं होतं. नेत्यांच्या खोल्यांसमोरच्या व्हरांड्यात उभं राहून आम्ही छोटीला हे सांगत होतो आणि हसत होतो.

ती हसली नाही. थोडा वेळ खोल्यांकडे बघून म्हणाली, "साब लोगां किताबां लिखे, बावर्ची रोट्यां करा."

त्यावर आम्ही काही बोललो नाही. पुढं त्या अंगणात उभ्या राहिलो. 9 एप्रिल 1943 ला आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजारपणाची खबर इथं येत होती. सरकारकडे अर्ज केला असता तर भेटायला सोडलंही असतं, पण आझादांनी अर्ज करणार नाही म्हटलं. बातमी आली तेव्हा ते इथंच होते. आवारात एक जुनी कबर होती, तिच्याकडे बघताना त्यांना काय वाटलं तेही एका पत्रात आहे. वर्गात हा भाग शिकवताना मुलं गंभीर होतात. छोटीनं मात्र वेगळंच विचारलं. झुलेखा बेगमनं काही लिहून ठेवलंय का? आझादांच्या पत्रांत ती दिसते, तिचं स्वतःचं पुस्तक नाही. तो प्रश्न आम्हाला इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता.

येताना दमडी मशीद पाहिली. किल्ल्यापासून जवळच आहे. 1567 साली साहिर खान नावाच्या सरदारानं बांधली, अशी नोंद. लोक मात्र दुसरंच सांगतात. किल्ल्याच्या तटाचं काम करणाऱ्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला टाकली आणि त्यातून मशीद उभी राहिली, म्हणून दमडी मशीद. मशीद लहानशीच, पण दगडावरची नक्षी अशी की बोटं फिरवाविशी वाटतात. आदल्या दिवशी संमेलनात निधी कसा उभारावा यावर एक अख्खं सत्र झालं होतं. ते इथंच भरवलं असतं तर बरं झालं असतं, असं आमच्यातली एक म्हणाली.

घरी परतलो तेव्हा खालानं आमचे डबे भरून ठेवले होते. अंबाडं प्रवासात टिकतं, उलट दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. भाकऱ्या कापडात बांधल्या होत्या. तिघींना तीन वेगळे डबे, घरच्यांसाठी म्हणून. डबे परत करायला पुन्हा यावं लागेल, हा तिचा जुना डाव.

बॅगा दाराशी ठेवल्या तेव्हा तिनं अचानक विचारलं, "वो इम्तिहान कब होता?"

फेब्रुवारी-मार्चमध्ये, आम्ही म्हटलं.

ती बोटं मोजत होती. "रमजान में आता फिर."

हो, येत्या वर्षीही रमजान त्याच दिवसांत आहे. आम्हाला वाटलं आता हीच अडचण सांगेल. पण खालाचा हिशेब निराळा होता. रमजानात पोरांचे दुपारचे डबे बंद असतात. दवाखान्याचे राहतात, ते पंधरा. पंधरा डब्यांच्या रोट्या भाभी एकटी करू शकते. इफ्तारची ऑर्डर संध्याकाळची, पेपर सकाळी. राहिले आतापासून तोवरचे पाच महिने. समोरच्या गल्लीत एक बाई आहे, कामाच्या शोधात आहे, आठवड्यातून तीन दिवस रोट्यांना आली तर किती घेईल? हा प्रश्न तिनं आम्हाला नाही, छोटीला विचारला. छोटीनं वही न उघडता आकडा सांगितला. खाला म्हणाली, "बहोत है." मग थोड्या वेळानं, "पूछ के तो देख."

भाभीनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. रेशनकार्ड निघालं, टेम्पोचे कागद निघाले, छोटीची दहावीची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घडी न घालता ठेवलेली निघाली. शाळा सोडल्याचा दाखला काही सापडेना. तो शाळेतून आणलाच नव्हता. सोमवारी अकराला, डबे गेले की, भाभीनं छोटीला घेऊन शाळेत जायचं असं ठरलं. भाईजान घरी नव्हते, त्यांना कोण सांगणार यावर दोघी सासूसुना एकमेकींकडे बघत होत्या.

आमची बस सातची होती. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देत होती.